सरकारी आणि खासगी विद्यापीठांच्या कारभारात खरी अडचण कुठे आहे?

तुम्ही विचारलंय की सरकारी विद्यापीठात राजकारण आणि खासगीत पैसा, एवढाच फरक आहे का. मी संलग्न महाविद्यालयात शिकवतो, काही वर्षं अभ्यासक्रम ठरवणाऱ्या एका अभ्यास मंडळावरही होतो. माझ्या मते प्रश्न जाब कोणाला विचारायचा, हा आहे.

पुणे विद्यापीठाला मे 2022 ते जून 2023 पूर्णवेळ कुलगुरू नव्हते. मुंबईत सप्टेंबर 2022 पासून तीच गत, तिथेही नेमणूक जून 2023 मध्येच झाली. प्रभारी माणूस कितीही चांगला असो, तो पाच वर्षांचा विचार करू शकत नाही. आमच्या विद्यापीठात अशाच एका काळात आम्ही नवा अभ्यासक्रम मांडला. 'नवे साहेब आले की बघू,' एवढंच उत्तर मिळत राहिलं. दरम्यान अख्खी एक तुकडी जुनंच शिकून बाहेर पडली. त्या मुलांचे चेहरे मला आजही आठवतात.

कुलगुरू नसतील तर निदान अधिसभा, म्हणजे सिनेट, तरी हवी. कायद्याने पदवीधर आणि शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी तिथे बसतात, कुलगुरूंना उभं करून विचारतात. मुंबईत आधीच्या अधिसभेची मुदत 2022 मध्ये संपली, पदवीधरांची निवडणूक पुढे ढकलत ढकलत झाली ती सप्टेंबर 2024 मध्ये. म्हणजे विचारणारेही नाहीत, उत्तर देणारेही नाहीत.

खासगीत खुर्ची रिकामी राहत नाही, हे मान्य. निर्णय आठवड्यात होतात. पण प्रायोजक संस्था, म्हणजे विद्यापीठ काढणारी संस्था, कुलपती नेमते, कुलगुरूंची नेमणूक कुलपतींच्या हातात, आणि निवडून आलेली अधिसभा नसतेच. हरियाणातल्या सोनीपतच्या अशोका या खासगी विद्यापीठातून मार्च 2021 मध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक आणि सरकारचे टीकाकार प्रताप भानू मेहतांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. ते तिथले माजी कुलगुरू. आपण असणं संस्थेला राजकीयदृष्ट्या अडचणीचं ठरतंय, हे संस्थापकांशी बोलल्यावर स्पष्ट झालं, असं त्यांनी लिहिलं होतं. तिथे निदान विद्यार्थी आणि प्राध्यापक उघडपणे बोलले. आपल्याकडच्या लहान खासगी विद्यापीठांत करारावरचा प्राध्यापक तेवढंही बोलू शकत नाही, कारण जूनमध्ये करार नव्याने व्हायचा असतो.

म्हणून तुमच्या मुलीसाठी विद्यापीठ निवडताना इमारती नंतर बघा. तिथले किती प्राध्यापक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरता पगार) किंवा करारावर, हे आधी विचारा. सरकारी असेल तर अधिसभेची शेवटची बैठक कधी झाली, तेही विचारा.