बाइकची चेन बदलताना स्प्रॉकेटही बदलावीच लागतात का? सेट निवडताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की चेन ताणून ताणून अॅडजस्टर (चेन ताणायचा स्क्रू) शेवटच्या खुणेवर आलाय, मेकॅनिक म्हणतोय ‘मागचं स्प्रॉकेट चांगलं आहे, नुसती चेन टाकू’, आणि जमलं तर स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या पुढच्या-मागच्या दातेरी चाकांचे, दात कमीजास्त करून अॅव्हरेज वाढवायचंय. माझं मत आधीच सांगतो. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला, दात मूळचे होते तेवढेच ठेवा आणि जास्तीचे पैसे घालायचे असतील तर चेनच्या दर्जावर घाला.

नुसती चेन का नको, ते नीट समजून घ्या. आपण ‘चेन वाढली’ म्हणतो, पण तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. आतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते. ४२८ नंबरच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर, म्हणजे पिच, १२.७ मिमी असतं. त्यात एक टक्का वाढ म्हणजे लिंकमागे (एका कडीमागे) ०.१३ मिमीसुद्धा नाही, डोळ्याला कळणारही नाही. पण १२० लिंकच्या चेनमध्ये तीच वाढ १५ मिमी होते. अशी चेन दातांच्या बुडाशी न बसता थोडी वर चढून बसते आणि दात तिच्याच मापाने झिजत जातात. त्या दातांवर बरोबर मापाची नवी चेन चढवली की दोघांचं जुळत नाही. जो भार बऱ्याच दातांत वाटला जायला हवा तो एकदोन दातांवर येतो, आणि नवी चेन लवकरच जुनीसारखी होते.

मागचं स्प्रॉकेट बघून निर्णय घेऊ नका, पुढचं बघा. ते कव्हरखाली चिखल आणि ग्रीसच्या थरात लपलेलं असतं. पुढे १४ आणि मागे ४२ दात असतील तर पुढचा प्रत्येक दात मागच्या दाताच्या तिप्पट वेळा चेनखाली येतो, त्यामुळे झीज तिथे आधी दिसते. कव्हर काढून पुसून घ्या. दात एका बाजूला कललेले, टोकदार दिसले तर विषय संपला. चेनसाठी सोपी तपासणी अशी: मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांत धरून सरळ मागे ओढा. दाताची निम्मी उंची उघडी पडत असेल तर चेन गेली.

आता माप. चेनच्या बाहेरच्या पट्टीवर नंबर कोरलेला असतो: ४२०, ४२८, ५२०, ५२५, ५३०. पहिला आकडा पिचचा, इंचाच्या आठव्या भागांत मोजलेला. ४ म्हणजे अर्धा इंच, ५ म्हणजे ५/८ इंच. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे. ४२० आणि ४२८ ची पिच सारखीच, पण ४२० अरुंद असल्यामुळे ४२८ च्या स्प्रॉकेटवर बसत नाही. दुकानात फक्त ‘अमुक गाडीची द्या’ म्हणू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक दात बदललेले असतात. जुन्या चेनच्या लिंक आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दात मोजून, लिहूनच जा.

दात बदलण्याबद्दल. पुढे १४, मागे ४२ म्हणजे गुणोत्तर (मागचे दात भागिले पुढचे) ३. पुढे १५ केले की ते २.८ होतं. तेवढाच फरक मागून पाडायचा तर मागे ३९ दात घ्यावे लागतील. म्हणजे पुढचा एक दात मागच्या जवळपास तिनांच्या बरोबरीचा. १५ दातांनी त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ७ टक्के कमी होतात, म्हणून अॅव्हरेज वाढेल असं वाटतं. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालवणाऱ्याला थोडा फायदा होऊही शकतो. पण गर्दीत, चढावर किंवा मागे माणूस बसला असताना गाडी ओढत नाही, तुम्ही गिअर पाडता, क्लच जास्त वेळ अर्धवट धरता, आणि वाचवलेलं तिथेच जातं. शिवाय ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग घेतो, त्यात काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवेल. ते मला अजिबात पसंत नाही.

चेन साधी, ओ-रिंग किंवा एक्स-रिंग असते. रिंगवाल्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या मधे ग्रीस भरून रबरी रिंगने बंद केलेलं असतं. नेमकी जिथे झीज होते तिथेच वंगण टिकून राहतं, म्हणून ती साध्या चेनपेक्षा बरीच जास्त टिकते. रोज गाडी वापरणाऱ्याने शक्य असेल तर हीच घ्यावी. फक्त तिच्या पिना थोड्या लांब असतात, त्यामुळे मूळ साधी चेन असलेल्या छोट्या गाडीत ती कव्हरला किंवा केसिंगला घासत नाही ना, हे बसवताना बघायला सांगा. स्प्रॉकेट स्टीलचीच घ्या. अॅल्युमिनियमची हलकी असतात, पण लवकर झिजतात.

बसवताना समोर उभे राहा. चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप असेल तर तिची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते तिकडे हवी, उघडी बाजू मागे. पुढच्या स्प्रॉकेटचं लॉक वॉशर (नट सैल होऊ न देणारी चकती) नवीन टाका. चाक निघालेलंच आहे तर हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) झटके शोषणारे डॅम्पर रबरही बघून घ्या. ते ढिले असतील तर गिअर टाकताना बसणारे झटके नव्या सेटवर येतात. चेनचा ढिलेपणा किती हवा ते बहुतेक वेळा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर दिलेलं असतं. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट वाटेल तिथे मोजा. जास्त ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, थोडी सैल परवडली. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर एकदा परत तपासा, कारण नवी चेन सुरुवातीला थोडी बसते. आणि रिंगवाली चेन धुताना रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश त्या रिंगांची वाट लावतात.