ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घराच्या एलिव्हेशनची (दर्शनी चित्राची) भिंत पांढरीफटक जळते आणि स्टीलची रेलिंग काळी येते. लाइट वाढवू की नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ?

कार्ड घेऊ नका. कार्डाने रेंडर, म्हणजे तयार चित्र, लवकर निघतं, बरोबर निघत नाही. आमची भागीदारी याच वादावर मोडली, म्हणून जरा लांबण लागेल.

आर्वीला आम्ही दोघं एलिव्हेशन काढून द्यायचो. गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतलं. कापूस विकला की स्लॅबचं घर, आणि घराला स्टीलची रेलिंग पाहिजे म्हणजे पाहिजेच. अशाच एका काकाजींच्या कामात पाइप काळाठिक्कर आला. भागीदार म्हणाला, उजेड कमी आहे. त्याने कुठंतरी वाचून सनला, म्हणजे ब्लेंडरमधल्या सूर्याच्या लाइटला, थेट १००० टाकले. आकडा खोटा नाही, भर दुपारी जमिनीवर चौरस मीटरला साधारण तेवढेच वॉट पडतात आणि ब्लेंडरच्या सनचं एककही तेच. पण मग एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा एकूण उजळपणा, आठेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली घ्यावं लागतं, ते कोण घेणार? पाइप होता तसाच राहिला. भिंत मात्र अशी जळली की छज्ज्याची कड, प्लास्टरची पट्टी, सगळं गायब. तर याने फोटोशॉपमध्ये भिंतीची ब्राइटनेस खाली ओढली. २५५ वर, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर, जाऊन बसलेला पिक्सेल ओढला की नुसता करडा होतो, गेलेली कड परत येत नाही. काकाजींनी पाहिलं नि विचारलं, "पुट्टी माराची राह्यली का?"

तुमच्या दोन तक्रारींचं मूळही एकच दिसतं. मेटॅलिक १ (पूर्ण धातू) आणि रफनेस ० (पूर्ण गुळगुळीत) ठेवला की पाइपचा आरसा झाला. समोर असेल ते दाखवणार. समोर डीफॉल्टचं रिकामं करडं वर्ल्ड, म्हणजे सीनभोवतीची पार्श्वभूमी, मग काळपटच दिसणार ना! सन वाढवला तर गुळगुळीत पाइपवर एक बारीक ठिपका तेवढा चमकतो, बाकी सगळा उजेड भिंतीवर. रेलिंगसाठी टाकलेला लाइट भिंत जाळतो.

सगळे लाइट बंद करा आणि वर्ल्डला एचडीआरआय लावा, म्हणजे उजेडाचा खरा चढउतार टिपलेला चौफेर फोटो. पॉली हेवन या साइटवर फुकट मिळतात. आकाशाचा साधा जेपीजी लावू नका, त्यात सूर्य आणि पांढरा ढग एकाच पातळीवर कापलेले असतात, ऊन पडतच नाही. पाइपचा रफनेस ०.२ च्या आसपास. भिंतीचा बेस कलर १ (पूर्ण पांढरा) नको, ०.८ पुरे. आणि कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (उजेडाचे आकडे पडद्यावरच्या रंगांत बदलणारी सेटिंग) 'स्टँडर्ड' असेल तर आधी ते बदला. ब्लेंडर २.८० पासून फिल्मिक डीफॉल्ट होतं, ४.० पासून एजीएक्स आहे. दोन्हीत पांढरा हळूहळू चढतो, एकदम कापला जात नाही. आमचा भागीदार मुद्दाम स्टँडर्डवर ठेवायचा, का तर फ्लेक्सवर रंग भडक येतात. मग एक्स्पोजर अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने हलवा.

हे मी केलं तर रेलिंग सुधारली, पण खिडकीच्या काचेत एचडीआरआयमधला एक परदेशी मनोरा उभा राहिला. काकाजी म्हणाले, "हे काचेत काय दिसून राह्यलं? माया घरासमोर तं हनुमानाचं मंदिर हाय." एचडीआरआय फिरवणाऱ्या मॅपिंग नोडमध्ये झेड फिरवून मनोरा मागे नेला, कॅमेऱ्याच्या पाठीमागे साधं देऊळ आणि दोन कडुलिंब उभे केले. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये हे चालतं. ईव्ही या दुसऱ्या, झटपट इंजिनचं स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन फ्रेमबाहेरचं काही दाखवत नाही, तिथे प्रोब (आजूबाजूचं प्रतिबिंब टिपणारी वस्तू) लावावा लागतो.

तोवर भागीदाराने हप्त्यावर नवीन कार्ड आणलं होतं. काळी रेलिंग पंधरा मिनिटांऐवजी तीन मिनिटांत काळी यायला लागली. हप्ते दुकानाच्या गल्ल्यातून जायचे, तिथे आमचं बिनसलं.

एवढं करूनही एखादाच भाग काळा राहिला तर त्याचे नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची दिशा) उलटे आहेत का बघा. आणि सीनमध्ये झाडं भरमसाट असतील, मेमरी पुरत नसेल, तर कार्डाची गरज खरीच असू शकते. फोटोशॉपही अगदीच वाईट नाही: रेंडर ईएक्सआर फॉरमॅटमध्ये सेव्ह केलं असेल तर एकच्या, म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या, वरचे आकडे फाइलमध्ये टिकतात आणि जळलेली भिंत नंतरही खाली आणता येते. आमच्या भागीदाराने मात्र आयुष्यात जेपीजीशिवाय काही सेव्ह केलं नाही.