प्रश्न वाचकांचे : कॅडिसफ्लायची जात नवी, हे ठरवायचं कशावरून?

प्रश्न : आंबोलीजवळच्या ओढ्यावर रात्री दिव्याला काळपट, पाच-सहा मिलिमीटरचे कॅडिसफ्लाय (पतंगासारखे दिसणारे, अळी पाण्यात वाढणारे कीटक) मिळाले. पायांवरचे काटे मोजून ते किमारा (Chimarra) प्रजातीचे, म्हणजे जीनसचे, ठरले, पण पंखांचा रंग कुठल्याच वर्णनाशी जुळत नाही. नवी जात म्हणून लिहिता येईल का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रजातीपर्यंत तुम्ही बरोबर पोचलात. पुढच्या पायावर १, मधल्या आणि मागच्या पायांवर ४-४ काटे ही किमाराची ठळक खूण. पण रंगाच्या जोरावर पुढे जाऊ नका. अल्कोहोलमध्ये रंग उतरतो, पंखांवरचे केस झडतात. या प्रजातीत जगभर ९०० हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या कित्येक अशाच लहान, काळ्या. जात (स्पीशीज) ठरते ती नराच्या उदराच्या टोकाला असलेल्या जननांगावरून. नुसत्या माद्या मिळाल्या असतील तर थांबा आणि पुन्हा सापळा लावा.

नराचं उदर बारीक चिमट्याने सोडवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा. घाई असेल तर ८५ टक्के लॅक्टिक ॲसिड, १२५ अंश सेल्सिअसला २० मिनिटं. मग पाण्याने धुऊन, आतला विरघळलेला स्नायू हलकेच दाबून बाहेर काढा आणि ग्लिसरीनमध्ये पाहा. स्नायू राहिला तर लिंगाच्या आतले काटे दिसत नाहीत. त्या काट्यांची संख्या, लांबी आणि जागा हाच किमारात निर्णायक पुरावा असतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उदर जास्त वेळ राहिलं तर उलटी अडचण : सगळं इतकं पारदर्शक होतं की कडाच सापडत नाहीत.

चित्रं किमान चार काढा : उदराच्या नवव्या-दहाव्या खंडांसह क्लास्पर (मादीला धरायचे नराचे चिमट्यासारखे अवयव) बाजूने, वरून आणि खालून, लिंग वेगळं, बाजूने. सूक्ष्मदर्शकाला ड्रॉइंग ट्यूब (नमुना आणि कागद एकत्र दाखवणारी जोडणी) लावूनच काढा. बाजूने पाहताना डावा क्लास्पर उजव्यावर बरोबर झाकला गेला पाहिजे. दोन्हींच्या कडा वेगळ्या दिसत असतील तर नमुना कललेला आहे. कव्हरस्लिपखाली दाबून सपाट केलेला नमुना तर हमखास फसवतो. ‘रुंद, पसरट क्लास्पर’ असं लिहून बसाल आणि तो आकार दाबाचा निघेल.

तुलना हा सगळ्यात कष्टाचा भाग, आणि खरं वर्णन तिथेच घडतं. भारत आणि श्रीलंकेतल्या किमाराच्या मूळ वर्णनांतली चित्रं एकेक करून शेजारी ठेवा. मोझली आणि श्मिड या कॅडिसफ्लायच्या अभ्यासकांचं काम टाळून चालणार नाही. सर्वांत जवळची जात नावानिशी सांगून फरक मोजक्या शब्दांत लिहा : नवव्या खंडाच्या खालच्या बाजूचा काटा, दहाव्या खंडाच्या बाजूच्या पाळ्यांचा आकार, क्लास्परचं टोक, लिंगातले काटे. एकाच नरावर विसंबू नका. हाताशी असतील तेवढे नर तपासून पुढच्या पंखाची लांबी किमान-कमाल अशी द्या.

नमुने ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. डीएनएसाठी काही नर ९५ टक्क्यांत वेगळे. साफ केलेलं उदर ग्लिसरीन भरलेल्या छोट्या कुपीत, त्याच नराच्या बाटलीत. उदर एकाचं आणि पंख दुसऱ्याचे अशी सरमिसळ झाली की होलोटाइपच, म्हणजे ज्याच्याशी नव्या जातीचं नाव जोडलेलं असतं तो एकमेव नमुनाच, वाया जातो. होलोटाइप कोणता आणि तो कुठे ठेवला, हे लेखात स्पष्ट लिहिलं नाही तर नामकरणाच्या नियमांनुसार नाव ग्राह्य धरलं जात नाही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती ठरलेल्या संस्थेला कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात. नाव विशेषण असेल तर लक्षात ठेवा, किमारा स्त्रीलिंगी आहे.

प्रश्न : त्याच ओढ्यात खड्यांच्या घरात राहणाऱ्या अळ्या आहेत. त्या याच जातीच्या असतील का?

उत्तर : नाहीत. किमाराची अळी घर पाठीवर वाहत नाही. ती दगडाखाली रेशमाची जाळी विणते. तुमच्या अळ्या दुसऱ्या कुळातल्या आहेत. अळीची जात प्रौढाशी जोडायची असेल तर पूर्ण पिकलेला नर कोष शोधा. त्याच्या कातडीतून प्रौढाचं जननांग दिसतं, आणि कोषाभोवतीच्या घराच्या मागच्या टोकाला बहुतेक वेळा अळीच्या टाकलेल्या कातीचे कठीण तुकडे मिळतात. दोन्ही एकाच घरात सापडले की जोड पक्की.