सुईचा भार किती असावा?

प्रश्न : माझ्याकडे शंभरेक एलपी आणि थोड्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आहेत. सध्या आतच स्पीकर असलेला सूटकेस प्लेअर वापरतो. त्यावर रेकॉर्ड लवकर झिजतात, हे खरं का? नवा टर्नटेबल घेताना काय पाहावं?

उत्तर : खरं आहे. अशा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक प्रकारचं कार्ट्रिज (सुई धरून तिच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग) असतं. सुईचा भार, म्हणजे ती रेकॉर्डवर किती वजनाने टेकते ते, पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो आणि तो कमी करायची सोयच नसते. मूव्हिंग मॅग्नेट या दुसऱ्या प्रकारच्या कार्ट्रिजला साधारण दोन ग्रॅम पुरतात. म्हणून फिरवता येणारं काउंटरवेट (टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, मागचं वजन), अँटीस्केट (सुईला आत ओढणारा जोर तोलणारी सोय) आणि बदलता येणारं कार्ट्रिज आहे ना, ते आधी बघा. ब्लूटूथ वगैरे त्यानंतर.

प्लेअर सपाट पातळीत ठेवा. अँटीस्केट शून्यावर ठेवून, टोनआर्म हवेत आडवा तरंगेल इतकं काउंटरवेट फिरवा. वजन न हलवता त्यावरची फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा. मग दोन्ही एकत्र फिरवून भार द्या. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिजला २ ग्रॅम लागतात (१.८ ते २.२ चालतात). अँटीस्केटही तेवढ्याच आकड्यावर. कडीवरचे आकडे नेहमी अचूक नसतात, त्यामुळे सुईचा भार मोजणारा छोटा डिजिटल वजनकाटा जरूर घ्या.

रेकॉर्ड जपायची म्हणून भार शिफारशीपेक्षा कमी मात्र कधीच ठेवू नका. हलकी सुई जोरकस स्वरांवर खाचेच्या भिंतींना धरून राहत नाही, उडते, आदळते. आवाज फाटतो आणि भिंतीला झालेली इजा कायमची राहते. भार बरोबर असूनही फक्त शेवटच्या गाण्यांत ‘स’, ‘श’ खरखरत असतील, तर कार्ट्रिजचा कोन प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या आखीव पट्टीवर) तपासा. आतल्या खाचांत तेवढाच आवाज कमी लांबीत दाटलेला असतो, त्यामुळे कोनातली चूक तिथे आधी ऐकू येते.

अॅम्प्लिफायरला ‘फोनो’ (टर्नटेबल जोडायचं) इनपुट नसेल तर सुईचा क्षीण संकेत वाढवणारा फोनो प्रीअॅम्प लागेल. प्लेअरमध्ये तो असेल तर तो आणि बाहेरचा प्रीअॅम्प किंवा ‘फोनो’ इनपुट एकदम वापरू नका, आवाज फाटेल.

७८च्या तबकड्यांसाठी तो वेग असलेलाच टर्नटेबल निवडा आणि सुई वेगळी घ्या. एलपीच्या सुईचं टोक त्या रुंद खाचेत तळाशी घासतं. भिंतींवर टेकायला त्याच्या तिप्पट-चौपट जाड टोक लागतं. व्हीएम९५ मालिकेत अशी सुई मिळते, त्याच कार्ट्रिजवर बसते; भार मात्र तिच्या शिफारशीनुसार नव्याने लावावा. या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात, त्यामुळे अल्कोहोल असलेल्या द्रावणाने पुसू नका. लाख त्यात विरघळते.