खो-खोची चार वर्षं वाया गेली का?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. चार वर्षं खो-खो खेळली, पळतीत तरबेज. यंदा शाळेने खो-खोचा संघ बंद केला आणि तिला बास्केटबॉलला घातलं. सगळी मेहनत पाण्यात गेली का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, अजिबात नाही. सोलापुरात 23 वर्षं मुलांना खेळ शिकवला, त्या अनुभवावरून सांगतो. खेळ साहित्यावरून ओळखू नये, तो खेळाडूला काय विचारतो त्यावरून ओळखावा. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातले बंकर आणि थॉर्प यांनी 1982 साली हेच धरून शिकवण्याची पद्धत मांडली : आधी डाव समजू द्या, तंत्र मागून. त्या विचारातून चार गट रूढ झाले. क्रिकेट आणि आपला विटीदांडू एका घरचे, झेलणारा नाही तिथे मारायचं. बॅडमिंटन-व्हॉलीबॉलमध्ये जाळ्यापलीकडची मोकळी जागा हेरायची. गोट्या, नेमबाजी म्हणजे नेम. हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये समोरच्याच्या हद्दीत घुसायचं.

खो-खो यात नीट बसत नाही. ती मुळात शिवाशिवी. पण हूल देणं, समोरच्याचा खांदा कुठे वळतोय ते पाहणं, मोकळ्या जागेत वेळेवर शिरणं, हे तिच्या अंगात भिनलंय. मैदानही परकं नाही : खो-खोचं 27 बाय 16 मीटर, बास्केटबॉलचं 28 बाय 15.

एक खोड मात्र आड येईल. माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती. पहिल्याच आठवड्यात तिने सुरेख हूल देऊन एकीला चकवलं आणि पाऊल सैल सोडलं. चकलेली मुलगी गर्रकन वळली, मागून हात घालून चेंडू घेऊन गेली. ही बघतच राहिली. खो-खोत पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणून एकदा चुकवली की क्षणभर जीवाला निवांतपणा. इथे तो नाही.

तिच्या सरांना सांगा, महिनाभर अर्ध्या मैदानात तिघी विरुद्ध दोघी खेळवा. टप्पा द्यायचा नाही, फक्त पास आणि पळणं. टप्प्याचा सराव घरी, अंगणात, डाव्या हाताने जास्त. उन्हाळ्यात तेवढा सकाळी साडेसातच्या आत उरका.