गाणं आवडतं, मग चाहत्यानं काम काय करायचं?

लाडक्या गायकासाठी, शाहिरासाठी, गोंधळी पार्टीसाठी पैसे न घेता राबायला तयार असलेल्या चाहत्यांचे प्रश्न या वेळी मराठवाड्यातून आले आहेत. त्यांतले काही उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्या तालुक्यातले एक शाहीर भीमगीतं आणि पोवाडे गातात. आवाज खणखणीत, पण तालुक्याबाहेर नाव नाही. आम्ही बाराजण प्रचार करायला तयार आहोत. सुरुवात कुठून करावी? (सेलू, जि. परभणी)

उत्तर : शाहिरांच्या घरून. त्यांना न विचारता एकही पोस्टर किंवा पेज काढू नका. जाताना वही न्या आणि चार गोष्टी लिहून घ्या. पहिली, नाव नेमकं कसं लिहायचं, मराठीत आणि इंग्रजीतही. कुणी एक ‘ए’ लावतं, कुणी दोन. मग यूट्यूबवर एकाच माणसाची गाणी चार नावांखाली विखुरतात आणि शोधणाऱ्याच्या हाती अर्धीच लागतात. दुसरी, कार्यक्रमाच्या सुपारीसाठी कुणाचा नंबर द्यायचा आणि तो फोन कोण उचलणार. प्रचार जोरात झाला नि फोन दिवसभर बंद, असं फार वेळा होतं. तिसरी, त्यांना पसंत असलेले दोन-तीन फोटो. ते व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधे पाठवले की दाबले जातात आणि फ्लेक्सवर चेहरा धुरकट येतो. चौथी, सध्या कोणती दोन गाणी पुढे न्यायची. वीस गाण्यांचा एकदम प्रचार केला तर लोकांच्या ध्यानात एकही राहत नाही.

बाराजणांनी बाराही कामं करू नयेत. दोघांनी क्लिप, दोघांनी पोस्टर आणि एकानं हिशेब सांभाळावा. बाकीच्यांनी जयंती मंडळं वाटून घ्यावीत, खरी मिळकत तिथंच आहे. १४ एप्रिलची सुपारी एप्रिलमध्ये ठरत नसते. मंडळाची बैठक फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि गायकाचं नाव तेव्हाच निघतं. त्याआधी मंडळाच्या अध्यक्षाच्या फोनवर दीड मिनिटाची एक चांगली क्लिप आणि एक नंबर, एवढंच पोचवा. नेमकी १४ तारीख मिळाली नाही तरी हरकत नाही, कारण गावोगावच्या जयंत्या पुढे महिनाभर चालूच राहतात. १४ जानेवारीला नामविस्तार दिनी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर मोठी गर्दी लोटते. तिथं पत्रकं वाटायची असतील तर मंचाच्या संयोजकांशी आधी बोलून घ्या.

व्हॉट्सअॅपबद्दल थोडं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. पाच हातांतून फिरलेल्या फॉरवर्डवर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ असा शिक्का बसतो. पुढे असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, आणि लोक तो शिक्का बघूनच सोडून देतात. त्यापेक्षा बाराजणांनी आपापल्या स्टेटसला आपापल्या शब्दांत दोन ओळी लिहून क्लिप टाकावी. मावशीनं टाकलेलं स्टेटस भाऊबंद बघतातच.

प्रश्न : कार्यक्रमात आम्ही पूर्ण दोन तास मोबाइलवर चित्रित करून आमच्या चॅनेलवर टाकले. गायिका नाराज झाल्या. आम्ही तर प्रसिद्धीच केली! (औसा, जि. लातूर)

उत्तर : नाराजी रास्त आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गायक-वादकांना आपल्या सादरीकरणावर वेगळा हक्क आहे. तिकीट घेतलं म्हणून चित्रीकरण प्रसिद्ध करायची परवानगी मिळत नाही. व्यवहाराचंही बघा. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला चॅनेलला १००० सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). तुमच्या चॅनेलवर जे तास गेले ते बाईंच्या खात्यातून गेले. पूर्ण व्हिडिओ तुमच्या चॅनेलवरून काढून त्यांच्याकडे द्या आणि त्यांना तो स्वतःच्या चॅनेलवर टाकू द्या. तुम्ही परवानगी घेऊन ३० ते ६० सेकंदांचा तुकडा टाका आणि खाली त्यांच्या व्हिडिओची लिंक द्या.

तुकडा कापताना आलापापासून सुरू करू नका. ध्रुपदाची ओळ पहिल्या तीन सेकंदांत कानावर पडली पाहिजे, नाहीतर बोट पुढे सरकतं.

अशा चित्रीकरणात आवाज फाटतो, त्याचं कारण मोबाइल स्पीकरच्या भिंतीसमोर धरलेला असतो. माइक भरून जातो, आणि फाटलेला आवाज नंतर कोणत्याही अॅपनं शिवता येत नाही. साउंडवाल्याला कार्यक्रमाआधी भेटा, मिक्सरमधून लाइन-आउट (थेट तारेनं मिळणारा आवाज) मागा आणि साध्या रेकॉर्डरवर घ्या. हलगी-ढोलकीचा जोराचा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. मिक्सरच्या आवाजात टाळ्या आणि ‘वाह’ येत नाही, म्हणून मोबाइलचा आवाज त्याखाली हलका मिसळा. रंगीत एलईडीमुळे चेहरा कधी निळा, कधी पांढरा फटक होतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड लॉक होईल.

वर्णनात गीतकार, संगीतकार, ढोलकीवाला, हार्मोनियमवाला अशी सगळ्यांची नावं लिहा. गीतकाराचं नाव गाळणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

प्रश्न : मोठा खर्च करून पोस्टर आणि फ्लेक्स केले, त्यावर क्यूआर कोड टाकला. कुणाच्याच मोबाइलवर उघडेना. शिवाय गायकाच्या नावातलं ‘र्‍या’ तुटून भलतंच छापलं गेलं. (कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : आधी अक्षरांचं. तुम्ही मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून दिला. डीटीपीवाल्याकडे जुना, युनिकोड नसलेला फाँट होता. त्यात मजकूर बदलून घेताना रफार, ‘र्‍य’ आणि जोडाक्षरं मोडतात. स्क्रीनवरचं बघून ‘ओके’ म्हणू नका. ए-४ कागदावर प्रूफ काढा आणि ज्यानं मजकूर लिहिला नाही अशा माणसाला ते मोठ्यानं वाचायला लावा. मग फाइलमधली अक्षरं ‘कर्व्ह’ करून, म्हणजे चित्रासारखी पक्की करून द्यायला सांगा, म्हणजे छपाईच्या मशीनवर फाँट बदलणार नाही.

क्यूआर न उघडण्याची कारणं ठरलेली आहेत. ढोबळ हिशेब असा की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याचा दहावा भाग कोडची बाजू हवी. चहाच्या टपरीवरचं पोस्टर माणूस हातभरावरून बघतो, तिथं ६-७ सेंटिमीटर पुरे. पण चौकात वर टांगलेला फ्लेक्स चार मीटरवर असेल तर कोड ४० सेंटिमीटरचा लागेल. एवढा मोठा टाकण्यापेक्षा फ्लेक्सवर कोड नकोच, तिथं नाव, वार, वेळ पुरे. दुसरं, मरून पार्श्वभूमीवर सोनेरी कोड दिसायला झकास, पण कॅमेऱ्याला फरक कळत नाही. पांढऱ्यावर काळाच ठेवा आणि चारही बाजूंनी कोडमधल्या चार चौकटींएवढी पांढरी पट्टी सोडा. डिझाइनर ती हमखास खातात. तिसरं, मोफत साइटवरून ‘डायनॅमिक’ कोड (आधी त्या साइटवर आणि तिथून तुमच्या लिंकवर नेणारा) काढला असेल तर मुदत संपली की तो बंद पडतो. थेट चॅनेलच्या लिंकचा साधा कोड काढा, तो कधी मरत नाही. छपाईआधी त्याच मापाचा एक कागद काढून तीन वेगळ्या मोबाइलवर तपासा. त्यांत एक जुना, स्वस्तातला हवाच.

अक्षरांची उंची दहा फुटांमागे एक इंच धरा. रस्त्यापलीकडून, चाळीस फुटांवरून वाचायचं असेल तर नाव चार इंचांचं. फ्लेक्सवर कार्यकर्त्यांचे बावीस फोटो लावले की गायकाला जागा उरत नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि फ्लेक्स कार्यक्रम संपल्याच्या रात्रीच उतरवा. नाहीतर तो सोयाबीनच्या ढिगावर जातो. तसा तो सत्कारणीच लागतो म्हणा, पण नगरपरिषदेची नोटीस तुमच्या नावानं येते. फ्लेक्सला नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते. सरकारी भिंती, विजेचे खांब आणि एसटी यांवर चिकटवू नका. मालमत्ता विद्रूप करण्याला बंदी घालणारा, विरूपण प्रतिबंधाचा १९९५चा कायदा आहे, आणि खांबावर लोखंडी फ्रेम तारेला टेकली तर जीवावर बेततं.

खाजगी भिंतीवर मालकाच्या लेखी होकारानं लावायचं असेल तर खळ घरी होते. एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा, उकळत्या चार वाट्या पाण्यात ओता आणि तीन-चार मिनिटं ढवळा. मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकला की गोळे होतात आणि पोस्टरला फोड येतात. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकतात. ते विषारी आहे, भांडं स्वयंपाकाचं नको.

प्रश्न : डिसेंबरमध्ये गावात कार्यक्रम ठेवला. पत्रकं वाटली, रिक्षावर भोंगा फिरवला, तरी खुर्च्या रिकाम्या. (केज तालुका, जि. बीड)

उत्तर : डिसेंबरमध्ये तुमच्याकडची किती घरं कुलूपबंद असतात ते आठवा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. त्या काळात गाव म्हणजे म्हातारीकोतारी आणि शाळेची पोरं. ऊसतोड कामगारांच्या गावात कार्यक्रम चैत्र-वैशाखातल्या जत्रेला जोडा, किंवा टोळ्या जाण्याआधी, नवरात्राच्या सुमाराला घ्या. हिवाळ्यात घ्यायचाच तर तालुक्याच्या गावी घ्या.

पत्रक आठवडी बाजारात वाटा. कार्यक्रमाच्या आधीचा शेवटचा बाजार त्यासाठी उत्तम. दोन बाजार आधी वाटलेलं विसरलं जातं. पत्रकावर तारखेपेक्षा वार मोठा छापा. भोंग्याला पोलिसांची परवानगी लागते. कार्यक्रमाचा ध्वनिक्षेपकही रात्री दहाला बंद करावा लागतो, फक्त वर्षातल्या ठरावीक जाहीर दिवशी बारापर्यंत सूट असते. म्हणून ‘रात्री ९ वाजता’ छापू नका. सत्कार, दीपप्रज्वलन होऊन गाणं सुरू होईपर्यंत पावणेदहा वाजतात. सात छापा, साडेसातला पहिलं गाणं, सत्कार मध्यंतरात.

प्रश्न : एकजण थोड्या पैशांत पन्नास हजार व्ह्यूज देतो म्हणतो. घ्यावेत का? (जालना)

उत्तर : नाही. ते मशीननं आलेले असतात. यूट्यूब ते वजा करतं, आणि वारंवार झालं तर चॅनेलवर कारवाई करतं. पन्नास हजार व्ह्यूज नि खाली सात कॉमेंट, हे कार्यक्रम ठरवणाऱ्याच्याही लक्षात येतं.

प्रश्न : आमच्या गायकाचं गाणं रेडिओवर लागावं म्हणून आम्ही सगळे फोन-पत्रांचा मारा करणार आहोत. उपयोग होईल? (नांदेड)

उत्तर : मारा करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. झारखंडमधलं झुमरी तलैया हे गाव निव्वळ फर्माइशीच्या पत्रांमुळे देशभर माहीत झालं. १९७५ साली अमेरिकेत इंडियानातल्या टेरे हॉट गावच्या पोरांनी ‘किस’ बँडची गाणी लावा म्हणून तिथल्या केंद्राचा पिच्छा पुरवला आणि त्यातून ‘किस आर्मी’ हे चाहत्यांचं जाळं उभं राहिलं. मात्र फर्माइश त्याच गाण्याची पुरी होते जे केंद्राच्या संग्रहात आहे. तुमच्या गायकाचं गाणं तिथं नसेल तर शंभर पत्रं वाया गेली.

आकाशवाणीवर लोकसंगीत गायचं तर कलाकारालाच ध्वनिचाचणी द्यावी लागते. उत्तीर्ण झालं की श्रेणी मिळते आणि मग बोलावणं येतं. मराठवाड्यात संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड आणि धाराशिवला केंद्रं आहेत. तुमचं काम एवढंच की केंद्रात जाऊन अर्ज आणा, भरायला मदत करा, आणि चाचणीत मोजकाच वेळ मिळतो म्हणून घड्याळ लावून सराव करून घ्या. प्रसारण झाल्यावर गाण्याचं, कलाकाराचं नाव आणि वेळ लिहून पत्र पाठवा. ‘छान कार्यक्रम’ एवढंच लिहिलेल्या पत्रावरून केंद्राला काहीच कळत नाही.

प्रश्न : दुसऱ्या गायकाचे चाहते आमच्या गायकाच्या व्हिडिओखाली शिव्या देतात. उत्तर द्यावं का? (हिंगोली)

उत्तर : देऊ नका. चॅनेल ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगून ती कॉमेंट लपवा. ते दोन गायक पुढच्या जत्रेत एकाच मंचावर बसून चहा पिणार आहेत.

प्रश्न : आमच्याकडच्या गोंधळी पार्टीतले संबळवाले काका साठीच्या पुढचे आहेत. चॅनेल नाही, स्मार्टफोन नाही, हौसही नाही. त्यांच्यासाठी चाहत्यांनी काय करावं? (तुळजापूर, जि. धाराशिव)

उत्तर : त्यांच्या नावानं पेज काढू नका, त्यांना ते नकोय. त्याऐवजी कागद गोळा करा. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या पात्र कलावंतांना तिच्यात दरमहा ५००० रुपये मिळतात. तिथं कला किती वर्षं केली याचा पुरावा लागतो, आणि तोच नेमका काकांच्या घरी नसतो. प्रमाणपत्रं पावसात भिजलेली किंवा कुणाला तरी दाखवायला दिलेली असतात.

दोघांनी दोन रविवार द्या. घरातली प्रमाणपत्रं, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणं यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसत नसेल तर काकांना विचारून मागे पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन नको, शाई पुढे उमटते. ज्या देवस्थानांनी, मंडळांनी पूर्वी बोलावलं त्यांच्याकडून लेटरहेडवर वर्ष घालून पत्र घ्या. ‘अनेक वर्षांपासून’ असं मोघम नको. आधार कार्डावरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव जुळतं का ते आधी बघा. गोंधळी म्हणून प्रसिद्ध असलेलं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असलं की अर्ज तिथंच अडतो. तसं असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसीलला करून घ्या आणि मगच अर्ज भरायला बसा.