सांताना ऐकायचं तर सुरुवात कुठून करू, अल्बम की लाइव्ह?

तुम्ही विचारलंय की 'स्मूद' हे गाणं सोडून सांताना या अमेरिकन रॉक बँडचं काहीच ऐकलेलं नाही, तर आधी जुने अल्बम ऐकावेत की कॉन्सर्टची रेकॉर्डिंग्ज. माझं स्पष्ट मत, आधी लाइव्ह ऐका, आणि तेही १९६९ ते १९७३ मधलं. सांताना म्हटलं की लोकांना फक्त कार्लोस सांतानाची गिटार आठवते, पण तेव्हा तो एका माणसाचा बँड नव्हताच मुळी, सहा जण होते आणि त्यातले तिघं नुसता ताल धरणारे.

थोडक्यात सांगतो. कार्लोस १९४७ चा, मेक्सिकोतल्या आउत्लानचा, वडील मारियाची म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. पोरगा तिहुआनाच्या क्लबांत ब्लूज वाजवत वाढला, मग कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला गेलं आणि तिथे १९६६ मध्ये सांताना ब्लूज बँड सुरू झाला. माणसं बदलत बदलत जी टीम जमली ती अशी: ग्रेग रोली ऑर्गनवर आणि गायला, डेव्हिड ब्राऊन बासवर, मायकल श्रीव्ह ड्रम्सवर, मायकल काराबेलो काँगावर (हाताने वाजवायचे उंच ड्रम) आणि निकाराग्वाचा होसे 'चेपितो' आरेआस टिंबालेवर. टिंबाले म्हणजे धातूच्या घेराचे दोन उथळ ड्रम, काठीने वाजवतात, कडेवर पण वाजवतात, आणि काँगाच्या घुमाऱ्यावर त्यांचा कडकडाट येतो ना तेव्हा अगदी ढोलावर ताशा चढल्यासारखं वाटतं, त्यामुळे आपल्या कानाला हे संगीत परकं वाटतच नाही.

आता वुडस्टॉक, अमेरिकेतला तो प्रचंड मोठा संगीत महोत्सव. १६ ऑगस्ट १९६९, शनिवार दुपार, समोर लाखो लोक, आणि यांचा पहिला अल्बमसुद्धा तोवर दुकानात आलेला नव्हता! सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर या कॉन्सर्ट हॉलचा मालक बिल ग्रॅहम याने आयोजकांच्या मागे लागून यांना तिथे घुसवलं होतं. कार्लोसने नंतर बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय की आपला नंबर यायला अजून खूप वेळ आहे असं समजून त्याने मेस्कलिन हे भास होणारं ड्रग घेतलं आणि अचानक निरोप आला की आत्ताच चढा स्टेजवर. गिटारची मान हातात सापासारखी वळवळत होती म्हणे, आणि तो देवाला एवढंच विनवत होता की मला सुरात ठेव, तालात ठेव. त्या सेटमधलं 'सोल सॅक्रिफाइस' यूट्यूबवर आहे, ते आधी बघा. कार्लोसचे चेहरे बघून हसू येईल पण नजर श्रीव्हवर ठेवा, नुकताच वीस पूर्ण केलेला पोरगा, सोलो चालू असताना मध्येच आवाज इतका खाली आणतो की स्नेअर ड्रमवरची नुसती कुजबुज उरते, एवढ्या गर्दीपुढे हळू वाजवायची छाती लागते हो, आणि तिथून परत चढवत नेतो, काँगा आत येतात, मग ऑर्गन आणि गिटार. पुढच्या वर्षी वुडस्टॉकची फिल्म आली आणि ज्यांनी नावही ऐकलं नव्हतं त्यांनाही हा बँड माहीत झाला.

१९७० चा 'अब्रॅक्सस' अमेरिकेत एक नंबरला गेला. त्यातली सगळ्यात गाजलेली दोन्ही गाणी मुळात दुसऱ्यांची, 'ब्लॅक मॅजिक वुमन' पीटर ग्रीनचं आणि 'ओये कोमो वा' टिटो पुएंतेचं, पण आज बहुतेकांना ती सांतानाचीच वाटतात. मग सतरा वर्षांचा नील शॉन दुसरा गिटारिस्ट म्हणून आला, तिसरा अल्बम पण एक नंबर, आणि १९७२ च्या 'कॅरव्हानसराय'पर्यंत ती टीम फुटली. कार्लोसला जॅझकडे जायचं होतं, रोली आणि शॉन बाहेर पडले आणि त्यांनी पुढे जर्नी हा रॉक बँड काढला.

पण फुटल्यावरचा बँड सोडून देऊ नका, माझ्या मते सगळ्यात भारी लाइव्ह रेकॉर्डिंग त्याच काळातलं आहे. 'लोटस', जुलै १९७३, जपानमधलं ओसाका. तेव्हा कार्लोस आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांचा शिष्य झाला होता, देवदीप हे नाव त्यांनीच दिलेलं, पांढरे कपडे घालून वाजवायचा. तीन एलपींचा संच होता तो. 'इन्सिडेंट अ‍ॅट नेशाबूर' हे 'अब्रॅक्सस'वर पाचेक मिनिटांचं आहे, इथे पंधरा मिनिटांच्या आसपास जातं आणि शेवटाकडे तो एकेक सूर इतका लांबवतो की आपण श्वास रोखून बसतो. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा कंटाळा येऊ शकतो, तरी मध्येच बंद करू नका प्लीज.

१९९९ च्या 'सुपरनॅचरल'ला ग्रॅमीचा पाऊस पडला, 'स्मूद' बारा आठवडे एक नंबर होतं, गाणं चांगलंच आहे, पण तिथे तालवाले मागे ढकललेत आणि पाहुणे गायक पुढे आलेत. म्हणून क्रम असा ठेवा: वुडस्टॉक, मग 'अब्रॅक्सस', मग 'लोटस'. त्यानंतर २०१६ चा 'सांताना ४' ऐका, त्यात रोली, शॉन, श्रीव्ह आणि काराबेलो इतक्या वर्षांनी परत एकत्र वाजवतात. ब्राऊन २००० मध्येच गेला, तो आणि आरेआस तेवढे त्यात नाहीत.